ओल्या बांबूवर अँटेना ट्यून करू नका

अर्धलहरी डायपोलची, म्हणजे अर्ध्या तरंगलांबीच्या तारेच्या अँटेनाची, लांबी काढण्याचे सूत्र, म्हणजे १४३ भागिले मेगाहर्ट्झ, हौशी रेडिओच्या (हॅम) परवान्याची परीक्षा दिलेल्या प्रत्येकाला पाठ असते आणि २८.४ मेगाहर्ट्झसाठी त्याचे उत्तर सुमारे ५.०४ मीटर येते. मात्र ते मोकळ्या हवेत टांगलेल्या उघड्या तारेचे उत्तर आहे, हिरव्या बांबूला बांधलेल्या तारेचे नव्हे. एवढे न कळल्यामुळे माझा पहिला उन्हाळा वाया गेला.

परवाना हाती आला त्याच आठवड्यात, मार्चमध्ये, मी सिंधुदुर्गातील आमच्या परड्यातला माणगा तोडला. माणगा जवळजवळ भरीव असतो, त्यामुळे ती निवड योग्यच होती. चूक अशी की तार मी ओल्या काठीलाच चिकटपट्टीने गुंडाळली. सर्वांत कमी एसडब्ल्यूआर (अँटेना रेडिओशी किती जुळते याचे माप, जितके कमी तितके चांगले) २७.५ मेगाहर्ट्झच्या आसपास दिसला, तेव्हा तार लांब आहे असे समजून मी ती सोळा सेंटीमीटर छाटली. वास्तविक तारेच्या प्लास्टिक वेष्टनाने आणि त्याहून अधिक बांबूतल्या पाण्याने तिची धारकता (विद्युत प्रभार साठवण्याची क्षमता) वाढवली होती. अशी तार प्रत्यक्षापेक्षा लांब असल्यासारखी वागते आणि टोकांशी, जिथे व्होल्टेज सर्वाधिक असते तिथे, काही शक्ती बांबू तापवण्यातच खर्च होते. मे महिन्यापर्यंत काठी वाळली, अनुनाद (तार जुळते ती वारंवारता) वर सरकला आणि तार तोकडी पडली. जूनमध्ये काठी भिजली, तसा तो पुन्हा खाली आला.

“ट्यूनर लाव आणि विसरून जा,” असे तेव्हा एका ज्येष्ठ हॅमने सांगितले. त्या सल्ल्याचा मला अजून राग येतो, कारण ट्यूनरमुळे, म्हणजे रेडिओशी अँटेना जुळवून देणाऱ्या उपकरणामुळे, फक्त रेडिओचे समाधान होते. बांबूत मुरणारी शक्ती मुरतच राहते.

यात घाबरण्यासारखे काही नाही. बँड उघडा असेल, म्हणजे त्या लहरी दूरवर पोचत असतील, तर सदोष डायपोलवरूनही थोड्या वॅटमध्ये दूरचे स्टेशन मिळते, मलाही मिळाले. आता मी बांबू हिवाळ्यात तोडतो, भुंगा लागू नये म्हणून दोन-तीन आठवडे व्हाळात (ओढ्यात) बुडवून ठेवतो, मग सावलीत उभा वाळवून त्यावर व्हार्निश चढवतो. तार पीव्हीसीच्या तुकड्यांवर, काठीपासून चार सेंटीमीटर दूर ताणतो. टोके छाटण्याऐवजी दुमडून ठेवतो, म्हणजे ती पुन्हा सोडता येतात.

वीजवाहिनीजवळ मात्र बांबू उभारूच नका. ओला बांबू वीज वाहून नेतो, आणि “लाकूडच तर आहे” हे वाक्य मी अनुभवी माणसांच्या तोंडूनही ऐकले आहे.