गावात रात्रीची गस्त सुरू करताय? या चुका टाळा

विहिरीवरची मोटार चोरीला गेली की दुसऱ्या दिवशी देवळासमोर माणसं जमतात आणि "आजपासून गस्त" असं ठरतं. पहिल्या रात्री 40 जण येतात, दहाव्या रात्री तिघं. आमच्याकडेही तसंच झालं होतं. पुढे ग्रामसुरक्षा दल, म्हणजे गस्त घालणाऱ्या गावकऱ्यांचा गट, नीट उभं राहिलं, पण त्याआधी बरंच काही चुकलं. ते तुमच्या गावात चुकू नये म्हणून लिहितोय.

चोरी झाली, तक्रार दिली नाही

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. एका उन्हाळ्यात आमच्या ओढ्याकाठच्या सात विहिरींवरची केबल कापून नेली. ठाण्यात बैठक लागली तेव्हा गावकरी तावातावाने म्हणाले, आमच्याकडे रात्रीची गाडी फिरकत नाही. साहेबांनी रजिस्टर उघडलं आणि आमच्या गावाच्या नावावर बोट ठेवलं. तिथे एकच गुन्हा होता. बाकीच्या सहा जणांनी "एवढ्याशा केबलसाठी दिवस कोण मोडणार" म्हणून ठाण्याची पायरीच चढली नव्हती. त्यात माझा चुलतभाऊही होता. बैठकीत कुणाला पुढे बोलता येईना.

गाडीच्या फेऱ्या, बीट अंमलदाराच्या (आपल्या भागातली गावं नेमून दिलेल्या पोलिसाच्या) भेटी, जिल्हा नियोजन समितीकडे जाणारा कॅमेऱ्यांचा प्रस्ताव, या सगळ्याला आधार लागतो तो दाखल गुन्ह्यांचा. नोंद नसलेली चोरी सरकारदरबारी झालेलीच नसते.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेल्या कायद्याचं) कलम 173 लक्षात ठेवा. दखलपात्र गुन्ह्याची (ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात अशा) फिर्याद कुठल्याही ठाण्यात देता येते, हद्दीचा प्रश्न येत नाही. ऑनलाइन दिली तर 3 दिवसांत जाऊन सही करावी लागते. एफआयआरची प्रत फिर्यादीला मोफत मिळते, ती मागून घ्या. ठाण्यात नोंदवून घेतलीच नाही, तर तीच हकीकत लिहून टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवा. त्यानेही काम झालं नाही, तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.

आणखी एक काम आजच करा. मोटारीच्या बॉडीवर पंचने नाव किंवा गट नंबर ठोकून घ्या आणि पावतीचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. चोरीचा माल सापडतो तेव्हा ठाण्याच्या आवारात सारख्या दिसणाऱ्या मोटारी ओळीने ठेवलेल्या असतात. त्यातली आपली कोणती, हे सिद्ध करायला खूण लागते.

दल आहे, पण कागदावर नाही

अंधारात काठ्या घेऊन उभी असलेली पोरं गस्तीची की दरोड्याच्या तयारीतली, हे पोलिसांच्या गाडीतल्या हवालदाराने कसं ओळखायचं? ग्रामसभेचा ठराव करा, दलातल्या सगळ्यांची नावं-नंबरांची यादी ठाण्यात द्या, पोच घ्या, ओळखपत्रं मागा. हे काम पोलीस पाटलांमार्फत करा. महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियम, 1967 प्रमाणे गाव आणि ठाणं यांच्यातला दुवा तेच आहेत. पद रिकामं असेल, तर अतिरिक्त कार्यभार शेजारच्या कुठल्या पाटलांकडे आहे ते विचारून घ्या.

संशयिताला हात लावणं

1 जुलै 2018. धुळे जिल्ह्यातलं साक्री तालुक्यातलं राईनपाडा. आठवडी बाजाराचा दिवस. मंगळवेढ्याकडून भिक्षा मागायला आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण, आणि मोबाइलवर फिरत असलेली मुलं पळवणाऱ्या टोळीची अफवा. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून जमावाने त्या पाचही जणांना ठार मारलं. 2024 साली 7 जणांना जन्मठेप झाली. 16 एप्रिल 2020 ला पालघरच्या गडचिंचल्यात दोन साधू आणि त्यांचा चालक यांचा जीव गेला. तिथेही आधीपासून चोरांच्या अफवा होत्या आणि लोक रात्री जागत होते. दोन्हीकडे जमावातली माणसं गावाचं रक्षण करायलाच जमली होती. गस्तीला निघणाऱ्या प्रत्येक पोराला या दोन गावांची नावं पाठ असली पाहिजेत, असं मला मनापासून वाटतं.

आमच्यावरही अशी एक रात्र आली होती. जानेवारीत, पहाटे दोनच्या सुमाराला कच्च्या रस्त्याने विनालाइटची मोटरसायकल आली. पुढे बाप्या, मागे बाई, मध्ये काहीतरी गुंडाळलेलं गाठोडं. थांबवलं तर तो माणूस बोलेना. एकाने काठी उगारली. आमच्यातल्या वयस्क नानांनी "थांब रे" म्हणत टॉर्च गाठोड्यावर धरली. आत तापाने फणफणलेलं दीड-दोन वर्षांचं लेकरू होतं. ऊसतोडीच्या टोळीतलं जोडपं होतं ते. दवाखाना कुठे ते माहीत नव्हतं, आणि काठ्या बघून त्या माणसाच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. दोघं पोरं त्यांच्यासोबत दवाखान्यापर्यंत गेली.

त्या रात्रीनंतर आम्ही नियम केले. विचारपूस एकानेच करायची, बाकीच्यांनी दहा पावलं मागे थांबायचं. टॉर्च डोळ्यांवर मारायची नाही. आधी ठाण्याला फोन, मग बाकीचं. अनोळखी माणसाचा फोटो ग्रुपवर टाकायचा नाही. 2024 च्या पावसाळ्यात मराठवाड्यात आणि पुणे जिल्ह्यात चोर ड्रोनने टेहळणी करतात या धास्तीने गावंच्या गावं जागी होती. तेव्हा या शेवटच्या नियमाने आम्हाला वाचवलं.

कायदा इथे स्पष्ट आहे. अजामीनपात्र (जामीन हक्काने मिळत नाही असा) आणि दखलपात्र गुन्हा तुमच्या डोळ्यांदेखत घडला, किंवा समोरचा कोर्टाने फरार घोषित केलेला गुन्हेगार असला, तरच सामान्य माणसाला पकडता येतं, आणि उशीर न करता, फार तर 6 तासांत पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 40 मध्ये हे दिलंय. निव्वळ संशय आला म्हणून कुणाला बांधून ठेवायचा अधिकार दलाला नाही.

आणि पालांवर राहणाऱ्यांबद्दल. पारधी समाजाच्या वस्तीकडे संशयाचं बोट सगळ्यात आधी जातं. सबंध जमातींवर जन्मतः गुन्हेगारीचा शिक्का मारणारा इंग्रजांचा 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा रद्द होऊन 1952 पासून एवढी वर्षं झाली, तरी नजर बदललेली नाही. आमच्या दलात आता त्या वस्तीतले दोघं आहेत. शिवारातल्या वाटा त्यांच्याइतक्या कुणालाच माहीत नाहीत.

कॅमेरे लागले, उपयोग होईना

फाट्यावरचा कॅमेरा उंच खांबावर, समोरून येणाऱ्या गाडीकडे तोंड करून लावलेला असतो. रात्री हेडलाइटचा झगमगाट दिसतो, नंबरप्लेटच्या जागी पांढरा ठिपका. एक कॅमेरा खाली, तिरका आणि जाणाऱ्या गाडीच्या पाठीमागून लावा. डीव्हीआरचं (चित्रण साठवणाऱ्या यंत्राचं) घड्याळ दर महिन्याला मोबाइलशी जुळवा. वेळ पाऊण तास चुकीची असेल तर तपासात तोच मुद्दा होतो. डिस्क भरली की जुनं चित्रण पुसलं जातं, म्हणून चोरी कळताच ठाण्याला कळवा आणि रेकॉर्डिंग राखून ठेवा. पडद्याचं मोबाइलवर शूटिंग काढून भागत नाही, कोर्टात भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्र लागतं. आणि वीज जाते तेव्हाच चोर येतात, तेव्हा इन्व्हर्टर कॅमेऱ्याच्या खर्चातच धरा.

112 ला "वरच्या वस्तीवर या" सांगणं

112 या तातडीच्या मदतीच्या नंबरचा फोन आधी नवी मुंबईच्या किंवा नागपूरच्या केंद्रात लागतो. तिथल्या ताईंना तुमची वरची वस्ती कशी कळणार? जिल्हा, तालुका, गाव, मग फाटा किंवा शाळा, याच क्रमाने सांगा. आमच्या प्रत्येक टॉर्चला हा पत्ता लिहिलेली चिठ्ठी चिकटवलेली आहे. घाबरलेल्या माणसाला स्वतःच्या गावाचा तालुकाही आठवत नाही.

दहाव्या रात्री तिघं

सगळ्यांनी रोज यायचं ठरवलं की कुणीच येत नाही. रात्रीला 5 जण, प्रत्येकाची पाळी 8 दिवसांनी, आणि रब्बीच्या काढणीत पाळ्या आधीच बदलून घ्यायच्या. एक वही ठेवा. कोण आलं, कुठून कुठे फिरलं, काय दिसलं, कितीला परतलं. काहीच दिसलं नाही तर तसं लिहा. बीट अंमलदार गावात आले की त्यांची सही घ्या. कॅमेऱ्यांसाठी अर्ज केला तेव्हा आम्ही हीच वही झेरॉक्स काढून सोबत जोडली होती, 214 रात्रींची.