अनेक प्रोसेसरचा सर्व्हर आणि लिनक्स कर्नल : आधी मेमरीचे अंतर तपासा

एखाद्या डेटा सेंटरमधून निवृत्त झालेला दोन किंवा चार सॉकेटचा (प्रोसेसर बसवण्याच्या जागांचा) सर्व्हर सांगलीतल्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत आला आणि त्यावर कृष्णेच्या पुराचे प्रारूप चालवून पाहिले, की तक्रार ठरलेली असते : कोअर (प्रोसेसरमधील गणना करणारी एकके) चौपट झाले, वेळ मात्र जेमतेम निम्म्यावर आला. याचा दोष बहुधा कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, क्षमतेत नसतो. यंत्राची रचना कर्नलपर्यंत नीट पोहोचलेली नसते, किंवा आपला प्रोग्रामच तिचा लाभ घेऊ देत नाही.

प्रथम ‘एलएससीपीयू’ ही आज्ञा देऊन प्रोसेसरची संख्या मोजावी. अनेक प्रमुख वितरणांच्या ६४-बिट कर्नलमध्ये या संख्येची कमाल मर्यादा ८१९२ असते, त्यामुळे केवळ संख्येसाठी कर्नल पुन्हा कंपाइल करण्यात रात्र घालवू नये. संख्या कमी दिसल्यास बूटच्या आज्ञावलीत ‘मॅक्ससीपीयूज’ किंवा ‘एनआर-सीपीयूज’ हा पर्याय कोणी ठेवून दिला आहे का, ते पाहावे. प्रोसेसरपर्यंत इंटरप्ट (उपकरणांचे संकेत) पोहोचवणाऱ्या जुन्या एपिक पद्धतीत प्रोसेसरचा ओळख क्रमांक ८ बिटांचा असतो; म्हणून २५५च्या पुढे जाणाऱ्या यंत्रात बायोसमधून (यंत्र सुरू होताना चालणाऱ्या प्रणालीतून) एक्स-टू-एपिक ही तिची नवी आवृत्ती आणि इंटरप्ट रीमॅपिंग ही दोन्ही चालू असावी लागतात.

खरा प्रश्न अंतराचा आहे. अशा यंत्रात प्रत्येक सॉकेटची स्वतःची मेमरी असते आणि दुसऱ्या सॉकेटची मेमरी वाचण्यास अधिक वेळ लागतो. या रचनेला नुमा म्हणतात. पोती हरिपूरच्या पेवांत आणि हमाल मार्केट यार्डात अशी स्थिती असेल, तर हमाल वाढवून काही साधत नाही. ‘नुमासीटीएल’ला ‘हार्डवेअर’ हा पर्याय दिला, की नोड (प्रोसेसर आणि त्याच्या जवळची मेमरी यांचे गट), प्रत्येकाची मेमरी आणि अंतरांचा तक्ता दिसतो. त्यात १० म्हणजे स्वतःचीच मेमरी. २०च्या आसपासचा आकडा म्हणजे शेजारच्या नोडची, साधारण दुप्पट दूर मानलेली. हा तक्ता फर्मवेअर (बायोससारखी यंत्रातली अंगभूत प्रणाली) कर्नलला देते, त्यामुळे तो मोजमाप नव्हे, अंदाज समजावा. दोन सॉकेट असूनही एकच नोड दिसत असेल, तर बायोसमधील ‘नोड इंटरलिव्हिंग’ बंद करावे, कारण ते चालू असताना नुमाची रचना कर्नलपासून झाकली जाते. एकदा आमच्याकडे दुसऱ्या नोडची मेमरी शून्य दिसली. कर्नलच्या सेटिंगमध्ये दोन दिवस घालवल्यावर झाकण उघडले, तेव्हा सगळ्या रॅमच्या पट्ट्या पहिल्याच सॉकेटजवळ बसवलेल्या आढळल्या.

पट्ट्या योग्य जागी असूनही वेग वाढत नसेल, तर प्रोग्रामकडे वळावे. नेहमीच्या धोरणानुसार लिनक्स मेमरीचे पान (ठरावीक आकाराचा तुकडा) मागणीच्या क्षणी देत नाही. जो थ्रेड (प्रोग्राममधील समांतर चालणारा कामाचा धागा) त्या पानाला प्रथम स्पर्श करतो, त्याच्या नोडवर ते ठेवले जाते. त्यामुळे सगळा मोठा ॲरे (आकड्यांची सलग यादी) एकाच थ्रेडने शून्याने भरला, तर सगळी पाने एका नोडवर जमा होतात आणि बाकीचे कोअर त्याच दारात रांग लावतात. आरंभीची भरणीही त्या त्या थ्रेडकडून करून घ्यावी, जे पुढे तो तो भाग वाचणार आहेत. प्रोग्राम बदलणे शक्य नसेल, तर ‘नुमासीटीएल’च्या ‘इंटरलिव्ह’ पर्यायाने पाने सर्व नोडवर वाटून द्यावीत; हा तोडगा उत्तम नव्हे, पण एका नोडवरची कोंडी तरी फुटते. ‘नुमास्टॅट’ या आज्ञेने प्रत्येक नोडवरच्या मेमरीचे आधीचे आणि नंतरचे आकडे ताडून पाहावेत.

कुलुपांचा, म्हणजे सामायिक गोष्ट एका वेळी एकालाच वापरू देणाऱ्या व्यवस्थेचा, विचार यानंतर करावा. १९९६ साली लिनक्स २.० मध्ये अनेक प्रोसेसरचा आधार आला, तेव्हा कर्नलला एकच मोठे कुलूप होते. ते हळूहळू बारीक कुलुपांत वाटले गेले आणि २०११च्या २.६.३९ आवृत्तीत पूर्णपणे गेले. आजही ‘पर्फ टॉप’ या, कोणते फंक्शन किती वेळ खाते ते दाखवणाऱ्या आज्ञेत ‘स्लोपाथ’ (कुलपासाठी थांबण्याची वाट) हा शब्द असलेली फंक्शन वर दिसली, तर प्रोग्रामचे थ्रेड कोणत्या सामायिक गोष्टीपाशी अडतात ते शोधावे. एकाच प्रक्रियेतील अनेक थ्रेड सतत मेमरी मागत व परत करत असतील, तर त्या प्रक्रियेच्या सामायिक मेमरी-नकाशाच्या कुलपावर ताण येतो. मेमरी एकदाच घेऊन पुन्हा पुन्हा वापरल्यास तो कमी होतो.

शेवटी प्रोग्राम आणि त्याची मेमरी ही दोन्ही एकाच नोडला बांधून वेळ मोजावा. सगळे यंत्र वापरूनही त्याहून फारसा फरक पडत नसेल, तर पावसाची दोन वेगळी गृहीतके घेऊन प्रत्येक नोडवर एकेक प्रारूप स्वतंत्रपणे चालवावे.