झडीनंतर पऱ्हाटी पिवळी पडली? युरियाची बॅग फोडण्याआधी या चुका टाळा

आठवडाभराची झड उघडली की काळ्या जमिनीतली पऱ्हाटी (कापसाचं पीक) आणि सोयाबीन पिवळं दिसू लागतं आणि कृषी केंद्रासमोर युरियासाठी गर्दी होते. पीक उपाशी आहे आणि युरिया हे त्याचं अन्न, असं आपण धरून चालतो. पहिली चूक इथेच होते.

पीक आपलं अन्न पानात बनवतं. हरितद्रव्य ऊन धरतं, त्या जोरावर पाण्याचे रेणू फुटतात (झाडं सोडतात तो प्राणवायू या पाण्यातलाच) आणि मिळालेल्या ऊर्जेवर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडची साखर होते. दिवसा उरलेली साखर पानात स्टार्च होऊन साठते आणि रात्री पुन्हा साखर होऊन बोंडं, शेंगा, मुळांकडे जाते. सरकीतलं तेल त्याच साखरेपासून बनतं. कापसाचा धागा तर साखरेचेच रेणू एकाला एक जोडून झालेली साखळी. युरियातलं ४६ टक्के नत्र (नायट्रोजन) हरितद्रव्य आणि प्रथिनं घडवायला लागतं. म्हणजे खत ही भाकर नाही, भाकर भाजणाऱ्या चुलीची माती आहे.

दुसरी चूक सगळ्यात महागाची: वावरात पाणी साचलेलं असताना युरिया फेकणं. चिबडलेल्या जमिनीत मुळांना हवा मिळत नाही. मुळंही श्वास घेतात. तो कोंडला की जमिनीत असलेलं नत्रसुद्धा त्यांना उचलता येत नाही. वरून टाकलेलं काही वाहून जातं, काही वायू होऊन उडतं. आधी चर काढून पाणी धुऱ्याबाहेर (बांधाबाहेर) काढा, वाफसा आला, म्हणजे चिखल जाऊन नुसती ओल राहिली, की डवरणी (ओळींमधली कोळपणी) करा. पुष्कळदा एवढ्यानेच पीक हिरवं होतं.

तरीही पिवळं राहिलं तर कोणतं पान पिवळं आहे ते बघा. हे न बघता खत घेणं ही तिसरी चूक. नत्र कमी पडलं की झाड जुन्या पानातलं काढून नव्याला देतं, म्हणून खालची पानं सगळीच्या सगळी फिकी पडतात. मॅग्नेशियमचंही तसंच, फक्त शिरा हिरव्या राहतात आणि मधला भाग पिवळा किंवा लाल होतो. हरितद्रव्याच्या रेणूच्या मधोमध मॅग्नेशियमच बसलेलं असतं. लोह मात्र जुन्या पानातून हलत नाही. त्यामुळे शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील, तर चुनखडीच्या जमिनीत बहुधा लोहाचीच ओढ असते. तिथे युरिया काही कामाचा नाही. फेरस सल्फेटची फवारणी लागते.

बोंडं भरताना येणाऱ्या लाल्याचं (कपाशीची पानं लाल पडण्याचं) निदान घाईने करू नका. बोंडं नत्र ओढतात, मॅग्नेशियम कमी पडतं, रात्रीचा गारवा वाढतो. हरितद्रव्य मोडतं आणि पानात लाल रंग तयार होतो. मॅग्नेशियम सल्फेट १ टक्का, म्हणजे १० लिटर पाण्यात १०० ग्रॅम, फवारतात. पण पानांच्या कडा आधी पिवळ्या, मग लाल होऊन वळत असतील तर पान उलटून तुडतुडे बघा. किडीवर खताचा उपाय चालत नाही.

सोयाबीनवर युरियाचा मारा करण्याआधी एक झाड हळूच उपटून मुळांवरची गाठ फोडा. आतून गुलाबी निघाली तर तिथले जिवाणू हवेतलं नत्र बांधताहेत आणि त्याबदल्यात पानाची साखर घेताहेत. वरून नत्र जास्त दिलं की झाड गाठींना साखर देणं कमी करतं. पानावर पिवळे-हिरवे चट्टे असतील तर तो पिवळा मोझॅक असू शकतो. तो पांढऱ्या माशीने पसरतो, अशी झाडं उपटून नष्ट करा.

फवारणीची वेळही चुकते. कडक उन्हात पाणी वाचवायला पानं आपली छिद्रं आवळतात, थेंबही लवकर सुकतो. सकाळी किंवा ऊन उतरल्यावर फवारा.