आधी वॉर्डचं रजिस्टर, मग जीनोम

एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजी करून मी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत लागले, तेव्हा खरं काम सिक्वेन्सिंगचंच, म्हणजे जिवाणूचा सगळा डीएनए (जीनोम) वाचण्याचं, असं डोक्यात होतं. पहिले सहा महिने मात्र प्लेट वाचण्यात आणि अँटिबायोटिकच्या चकत्यांभोवतीची वर्तुळं मोजण्यात गेले. ते वाया गेले नाहीत. कल्चर, म्हणजे प्लेटवर वाढवलेले जिवाणू, शुद्ध नसेल तर दोन जिवाणूंचा डीएनए मिसळतो आणि पुढचं सगळंच फसतं.

माझी पहिली मोठी केस आयसीयूतल्या क्लेबसिएला न्यूमोनिए या जिवाणूची. तीन आठवड्यांत चार रुग्ण, चौघांचाही जिवाणू मेरोपेनेम या अँटिबायोटिकला दाद देईना. रिपोर्ट सारखे, म्हणून संसर्गाची साखळी एकच असं आम्ही सगळ्यांनी धरलं. जीनोममध्ये दोन घराणी निघाली: तिघांत एसटी २३१, चौथ्यात एसटी १४७ (एसटी म्हणजे घराण्याचा क्रमांक). दोन्हींत औषधाला दाद न देण्याचं ऑक्सा-२३२ हेच जनुक. ते डीएनएच्या जेमतेम सहा हजार अक्षरांच्या प्लाझ्मिडवर, म्हणजे एका जिवाणूतून दुसऱ्यात जाऊ शकणाऱ्या गुणसूत्राबाहेरच्या तुकड्यावर, असतं आणि वेगवेगळ्या घराण्यांत सापडतं. त्यामुळे जनुक जुळलं म्हणजे संसर्गाचा माग लागला, असं समजू नका. गुणसूत्राच्या पन्नासेक लाख अक्षरांत किती ठिकाणी फरक आहे, ते मोजावं लागतं.

उरलेल्या तिघांत माझी चूक झाली. सॅम्पल घेतल्याची तारीख लिहायची, तिथे मी लॅबमध्ये पोहोचल्याची लिहिली. मधे सुट्ट्या आल्या होत्या. कुणाकडून कुणाला लागण झाली हे दाखवणाऱ्या माझ्या आकृतीत बाण उलटा गेला: ज्याला लागण झाली, तोच लागण देणारा दिसू लागला. संसर्ग नियंत्रणाच्या सिस्टरांनी रजिस्टर उघडून दाखवलं, की तो रुग्ण त्या खाटेवर चार दिवसांनंतर आला होता. त्या रात्री मला झोप लागली नाही. त्या आकृतीवरून कुणाला वेगळं ठेवायचं, हे ठरणार होतं.

२०११ मध्ये अमेरिकेत बेथेस्डाच्या एनआयएच क्लिनिकल सेंटर या सरकारी संशोधन रुग्णालयात याच जिवाणूची साथ आली. १८ रुग्णांना लागण झाली, ११ दगावले. त्यांतले सहा मृत्यू या संसर्गाचे मानले गेले. पहिली रुग्ण घरी गेल्यावर तीन आठवड्यांनी दुसरा सापडला, तेव्हा संबंध असेल असं वरवर वाटत नव्हतं. जीनोम आणि खाटांच्या नोंदी शेजारी ठेवल्यावर तिच्यापासूनच तीन वेगळ्या वाटांनी जिवाणू पसरल्याचं दिसलं. मधल्या काळात तो लक्षणांविना काहींच्या शरीरात राहत होता. म्हणून कल्चर आधी पॉझिटिव्ह आलं त्याला लागणही आधी झाली, असं नसतं.

नव्यांनी लिनक्सची कमांड लाइन जरूर शिकावी. क्लेबसिएलाचे जीनोम तपासणारं क्लेबोरेट हे सॉफ्टवेअर चालवून पाहावं, सार्वजनिक साठ्यातले जीनोम घेऊन हात बसवावा. दोनतीन महिन्यांत जमतं. वॉर्ड समजायला जास्त वेळ लागतो. व्हेंटिलेटर कुठून कुठे हलतो, सिंकच्या मोरीत काय ओततात, रात्रपाळीला एका सिस्टरकडे किती खाटा असतात, हे तिथे उभं राहूनच कळतं.

आता माझ्या तक्त्यात दोन रकाने आहेत, सॅम्पल घेतलं कधी आणि पोहोचलं कधी. पहिला रिकामा असेल तर मी वॉर्डात फोन लावते. तारीख मिळेपर्यंत तो जीनोम झाडात, म्हणजे जिवाणूंच्या नात्यांच्या आकृतीत, घेत नाही.