पॉर्क्युपाइन माउंटन्समधली साधी केबिन घेताना

मिशिगनच्या पॉर्क्युपाइन माउंटन्स स्टेट पार्कमधल्या साध्या केबिनमध्ये वीज नाही, नळ नाही. झोपायला बंक आणि उबेला लाकडाची शेगडी. बहुतेक केबिनपर्यंत सामान पाठीवर घेऊन चालत जावं लागतं, म्हणून बुकिंगआधी अंतर बघा. स्लीपिंग बॅग, हेडलॅम्प, जादा सेल न्या. ओढ्याचं पाणी निदान १ मिनिट खळखळून उकळा. ते नितळ दिसलं तरी त्यात जंतू असू शकतात. शेगडी पेटवण्याआधी धुराड्याची झडप पूर्ण उघडा, नाहीतर धूर खोलीत कोंडतो. थंडीत धुराडं गारठलेलं असतं, तेव्हा आधी कागदाचा छोटा जाळ करून ते तापवा, मग लाकूड घाला. जळण मात्र घरून आणू नका: एमराल्ड ॲश बोररसारखी झाडं मारणारी कीड त्यातूनच जंगलात पोचते.