अमेरिकन गव्हर्नरचं करिअर कसं अभ्यासायचं (जिमी कार्टर धरून)

आधी डोक्यातून आपले राज्यपाल काढून टाका. तिकडचा गव्हर्नर थेट लोकांच्या मतांवर निवडून येतो, बजेट मांडतो, विधेयकावर व्हेटो (नकाराधिकार) वापरतो, म्हणजे काम आपल्या मुख्यमंत्र्यासारखं. मग कुणीतरी एक जण निवडा, मी जिमी कार्टर घेतो, पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले ते, जॉर्जिया राज्याचे गव्हर्नर, १९७१ ते १९७५.

सुरुवात राज्याच्या घटनेपासून करा कारण प्रत्येक राज्याचे नियम वेगळे. जॉर्जियात तेव्हा लागोपाठ दुसरी टर्म लढवताच येत नव्हती, म्हणजे हातात चारच वर्षं, त्यांची सगळी घाई यातूनच कळते. गुन्हेगारांची शिक्षा माफ करायचा अधिकारही तिथे १९४३ पासून वेगळ्या बोर्डाकडे आहे.

मग हरलेली निवडणूक शोधा. १९६६ ला कार्टर डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्रायमरीतच (पक्षाचा उमेदवार ठरवायच्या निवडणुकीत) तिसरे आले आणि गव्हर्नर झाला लेस्टर मॅडॉक्स, उघड वर्णभेदवाला. (त्याच वर्षी कार्टरच्या आई लिलियन, वय ६८, पीस कोअर या अमेरिकी सरकारच्या स्वयंसेवक योजनेतून भारतात आल्या आणि आपल्या विक्रोळीत राहून काम केलं, मला हे फार भारी वाटतं.) १९७० ला कार्टर जिंकले पण लेफ्टनंट गव्हर्नर (गव्हर्नरनंतरचं पद) तिथे स्वतंत्र निवडून येतो, तो निघाला हाच मॅडॉक्स, मग काय, टर्मभर भांडणं.

सगळ्यात जास्त वेळ प्रचार आणि कारभार शेजारी ठेवून बघण्यात घालवा. प्रचारात कार्टरनी वर्णभेद मानणाऱ्या गोऱ्या मतदारांना चुचकारलं, आणि १२ जानेवारी १९७१ ला शपथविधीच्या भाषणात सरळ सांगितलं की वांशिक भेदभावाचा काळ संपला, पुढे १९७४ मध्ये मार्टिन लूथर किंग यांचं चित्र राज्याच्या कॅपिटॉलमध्ये (विधिमंडळाच्या इमारतीत) लावलं. प्रचार खटकतो, भाषण धाडसी आहे, दोन्ही लिहून ठेवा, एकासाठी दुसरं झाकू नका.

भाषणांनंतर फायलींकडे वळा. सुमारे ३०० सरकारी खाती-मंडळं एकत्र करून २२ वर आणली, प्रत्येक खर्च शून्यापासून पटवून द्यायची बजेट पद्धत आणली, १९७३ मध्ये फ्लिंट नदीवरचं धरण अडवलं.

शेवटी खुर्ची सोडतानाच्या तारखा बघा. टर्म जानेवारी १९७५ ला संपणार होती, राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीची घोषणा डिसेंबर १९७४ मध्येच केली, दुसरी टर्म नव्हतीच त्यामुळे १९७६ च्या निवडणुकीसाठी देशभर फिरायला मोकळे. व्हर्जिनियात लागोपाठच्या टर्मची बंदी आजही आहे, तेव्हा पुढचा सराव तिथला एखादा गव्हर्नर घेऊन करा.