फलित अंडातले मायटोकॉन्ड्रिया: आकृती काढताना या चुका टाळा

नागपूर विद्यापीठाच्या बीएस्सी प्राणिशास्त्राची प्रॅक्टिकल बुकं चाळली की एक आकृती वारंवार भेटते. फलित मानवी अंड, आणि त्यात वालाच्या बीसारखे लांबट मायटोकॉन्ड्रिया (पेशीला ऊर्जा पुरवणारे कण), पोटात आडव्या घड्यांची दाट रांग. असा मायटोकॉन्ड्रिया स्नायूपेशीत शोभतो. नुकत्याच फलित झालेल्या अंडात ते गोल किंवा किंचित अंडाकृती असतात, साधारण एक मायक्रॉनपेक्षाही लहान. घड्या, म्हणजे क्रिस्टी, मोजक्याच. त्याही कमानीसारख्या वळलेल्या किंवा कडेकडेने आवरणाला समांतर. आडव्या क्रिस्टी आणि लांबट आकार पुढे, ब्लास्टोसिस्टकडे (अंड विभागत जाऊन तयार होणाऱ्या पोकळ भ्रूणाकडे) जाताना येतात.

इथे वर्गात प्रश्न येतोच, ‘सर, क्रिस्टी इतक्या कमी काहून? खराब झाले का?’ नाही. या टप्प्यावर अंडाची ऊर्जेची गरज बेताची असते आणि ती बरीचशी पायरुवेटवर (ग्लुकोज फुटून मिळणाऱ्या एका साध्या रेणूवर) भागते. खराबी ओळखायची खूण वेगळी आहे. निरोगी अंडातल्या मायटोकॉन्ड्रियाचं मॅट्रिक्स, म्हणजे आतला द्रव, दाट असतं, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या चित्रात ते गडद दिसतं. मॅट्रिक्स फिकट, कण फुगलेला आणि क्रिस्टी तुटक असतील, तर आधी फिक्सेशनवर, म्हणजे नमुना रसायनात टिकवण्याच्या पायरीवर, संशय घ्या, अंडावर नंतर.

दुसरा घोळ छेदाचा. लांब दांडा आडवा कापला तरी गोलच दिसतो, म्हणून एका कणावरून निकाल देऊ नये. पूर्ण चित्रात लांबट कापलेला जवळपास सापडतच नसेल, तर आकार खरोखर गोल.

मायटोकॉन्ड्रिया एकटेच काढणं हीसुद्धा चूकच. मानवी अंडात गुळगुळीत अंतर्द्रव्यजालिकेच्या (पेशीतल्या पटलांच्या जाळ्याच्या) नलिका आणि पुटिका त्यांना चिकटून असतात, आणि दोन प्रोन्यूक्लियस (अंडाचं आणि शुक्राणूचं केंद्रक) दिसू लागले की त्यांच्याभोवती हे कण गर्दी करतात. सगळीकडे सारखे ठिपके टाकून भागत नाही.

संख्या लाखाच्या घरात. मात्र पेशी विभागली की हे कणही दुप्पट होतात, असं लिहू नका. मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए ब्लास्टोसिस्टपर्यंत जवळपास वाढत नाही, आहे तोच साठा पेशींत वाटला जातो.

‘वडिलांचे मायटोकॉन्ड्रिया अंडात शिरतच नाहीत’ हे वाक्य तर गाइडांतून थेट उतरतं. शुक्राणूच्या मध्यभागातले काही डझन मायटोकॉन्ड्रिया आत येतात. त्यांच्यावर युबिक्विटिनची (नष्ट करायच्या गोष्टींना चिकटणाऱ्या एका प्रथिनाची) खूण असते आणि पुढच्या काही विभाजनांत ते नष्ट केले जातात.